नव्या चुका

कुठल्याही फुटबॉल क्लबात नवा मॅनेजर, म्हणजे मुख्य प्रशिक्षक, आला की पहिल्या दोन-तीन सामन्यांतच मित्रांचे निरोप सुरू होतात. संघ जिंकला तर ‘माणूस पक्का आहे’, हरला तर ‘याला आणला कुणी?’ मधलं काही कुणाला म्हणायचंच नसतं. तीन सामने म्हणजे साडेचार तासांचा फुटबॉल. एवढ्या वेळात एक माणूस पंचवीस जणांच्या वर्षानुवर्षांच्या सवयी मोडून नव्या लावेल, ही अपेक्षाच मुळात गमतीची. तरी मी ते साडेचार तास डोळ्यांत तेल घालून बघतो. निकाल काय लागला यापेक्षा संघ हरला तर कसा हरला, आणि त्याने केलेल्या चुका जुन्याच होत्या की नव्या, याकडे माझं लक्ष असतं.

कारण जिंकण्यात अनेकांचे हात असतात. आधीच्या मॅनेजरने करून घेतलेली मेहनत असते, वेळापत्रकाने सुरुवातीलाच ओळीने दिलेले दुबळे प्रतिस्पर्धी असतात, समोरच्या स्ट्रायकरने खांबावर मारलेले फटके असतात. ओले गुन्नार सोल्शायरचं उदाहरण या बाबतीत मला सगळ्यात बोलकं वाटतं. डिसेंबर २०१८मध्ये मँचेस्टर युनायटेडने जोझे मोरिन्योला काढलं तेव्हा संघ सहाव्या क्रमांकावर होता. सोल्शायर हंगामी मॅनेजर म्हणून आला. पहिल्याच सामन्यात कार्डिफवर ५-१, आणि तिथून सगळ्या स्पर्धा धरून सलग आठ विजय. मग मार्च २०१९मधली पॅरिसची ती रात्र. चॅम्पियन्स लीगच्या त्या लढतीचा पहिला सामना घरच्या मैदानावर ०-२ हरलेला युनायटेडचा संघ, निम्मे खेळाडू जखमी, पॉग्बा निलंबित, आणि तरी पॅरिस सेंट जर्मेनला ३-१ हरवून पुढच्या फेरीत. त्या रात्री सोल्शायरला कायम करा म्हणून जगभर ओरड झाली आणि महिन्याच्या आत क्लबाने त्याला कायम केलंही.

ते तीन गोल पुन्हा बघावेत. पहिला, बचावपटूने मागे दिलेला आंधळा पास लुकाकूने मधेच पळवला. दुसरा, रॅशफर्डचा लांबून मारलेला फटका बुफॉनसारख्या गोलरक्षकाच्या हातून सुटला आणि लुकाकू पुढे होता. तिसरा, भरपाईच्या वेळेत चेंडू बचावपटूच्या हाताला लागला म्हणून व्हिडिओ बघून दिलेली पेनल्टी. या तिन्हींत सरावाच्या मैदानावर आखलेलं काय होतं, ते मला आजही सापडलेलं नाही. संघाचं मन मोकळं झालं होतं, पोरं हसत खेळत होती, हे श्रेय सोल्शायरचं आणि ते छोटं नाही. पण कायम झाल्यानंतर हंगामाच्या उरलेल्या दहा सामन्यांत दोनच विजय मिळाले. शेवटच्या सामन्यात घरच्या मैदानावर ०-२ हार, आणि तीही त्याच कार्डिफकडून, ज्यांचं खालच्या विभागात जाणं तोवर ठरलेलं होतं. युनायटेडचा क्रमांक शेवटी सहावाच.

आता याच्या उलट टोक. ऑगस्ट २००८. बार्सिलोनाने पेप ग्वार्डिओलाच्या हातात संघ दिला होता. अनुभव म्हणजे क्लबाच्याच ‘ब’ संघाबरोबर चौथ्या श्रेणीतलं एक वर्ष. रोनाल्डिन्यो आणि डेको यांना त्याने आल्या आल्या वाटेला लावलं. लीगचा पहिला सामना नुमान्सियाशी, म्हणजे नुकत्याच वर चढून आलेल्या लहानशा संघाशी. बार्सिलोना ०-१ हरला. दुसरा सामना घरी, रासिंग सांतांदेरशी, १-१ बरोबरी. दोन सामने, एक गुण. तुमच्या-माझ्यासारख्यांनी तिथेच फाइल बंद केली असती. त्याने काय केलं? त्या दुसऱ्या सामन्यात विशीतला सर्जियो बुस्केट्स लीगमध्ये पहिल्यांदा मैदानात उतरवला. निकाल बिघडला की मॅनेजर जुन्याजाणत्यांकडे धावतात. हा नवख्याकडे गेला. तिसऱ्या सामन्यात स्पोर्टिंग हिखॉनवर ६-१. हंगाम संपला तेव्हा लीग, स्पॅनिश कप आणि चॅम्पियन्स लीग, तिन्ही करंडक बार्सिलोनाकडे होते.

नुमान्सियाच्या त्या सामन्यात बार्सिलोनाने चेंडू जवळजवळ सोडलाच नव्हता. गोलसमोर संधींवर संधी येत होत्या. हरले ते प्रतिस्पर्ध्याच्या एका गोलामुळे आणि स्वतःच्या फसलेल्या नेमामुळे. सोल्शायरच्या विजयात मला मॅनेजर दिसत नव्हता, ग्वार्डिओलाच्या पराभवात तो ठायी ठायी दिसत होता. अर्थात पुढचं ठाऊक असल्यावर असं म्हणणं सोपं असतं. त्या रात्री नुमान्सियाच्या मैदानावर बसून कुणी तीन करंडकांचं भाकीत केलं असतं तर त्याला वेड्यातच काढला असता. मला भाकीत करायचंच नाही. मला फक्त एवढं कळून घ्यायचं असतं की मैदानावर जे चाललंय त्यात नव्या माणसाचा वाटा कितपत आहे.

ते कळायला चेंडूवरची नजर काढावी लागते. टीव्हीवर हे कठीण, कॅमेरा चेंडूमागेच पळतो. म्हणून मी सामना नंतर पुन्हा लावतो आणि एका जागी हटकून थांबवतो: संघाने चेंडू गमावला तो क्षण. चित्र थिजवून बघायचं, चेंडूच्या मागे आपले किती जण आहेत आणि ते कुठे उभे आहेत. फुलबॅक, म्हणजे कडेचे बचावपटू, दोघेही पुढे पळालेले, मधल्या फळीत एकच जण आणि मागे दोन सेंटर बॅकच्या, म्हणजे मधल्या बचावपटूंच्या, मधे हायवे मोकळा, असं असेल तर संघ नशिबावर खेळतोय, मग गुणफलक काहीही सांगो. उलट तिघं-चौघं नेमक्या जागा धरून उभे असतील, आणि चेंडू गेल्यावर पहिल्या चार-पाच सेकंदांत दोघं-तिघं एकदम अंगावर धावून जात असतील, तर हे कुणीतरी शिकवलेलं आहे. उत्साहाने धावणं वेगळं आणि मिळून धावणं वेगळं. उत्साहात एकच जण धावतो, बाकीचे बघत राहतात, प्रतिस्पर्धी एका पासमध्ये मोकळा होतो. मिळून धावणाऱ्या संघात मागची फळीही त्याच वेळी दहा पावलं वर सरकते.

दुसरी जागा गोल किक, म्हणजे प्रतिस्पर्ध्याकडून चेंडू गोलरेषेबाहेर गेल्यावर गोलसमोरून खेळ पुन्हा सुरू करणारी किक. २०१९मध्ये नियम बदलला आणि गोल किकचा चेंडू पेनल्टी क्षेत्राच्या आतच सहकाऱ्याला घेता येऊ लागला. तेव्हापासून मॅनेजरच्या डोक्यातलं सगळ्यात आधी इथे उमटतं. खेळ थांबलेला असतो, सगळ्यांना आपापल्या जागी जायला वेळ असतो, कुणाची काही सबब चालत नाही. सेंटर बॅक गोलरक्षकाच्या शेजारी उभा राहतो का, फुलबॅक कडेला जातो की आत येऊन मिडफिल्डरसारखा उभा राहतो, पुढचे किती खाली उतरतात. आणि मग सगळ्यात मोलाचा प्रश्न: दडपण आल्यावर ते तसंच खेळतात की चेंडू घाबरून लांब भिरकावतात?

नव्या चुका इथेच होतात. कालपर्यंत लांब किक मारणारा गोलरक्षक आज पायाजवळ उभ्या असलेल्या मिडफिल्डरला पास देतो, त्याच्या पाठीवर प्रतिस्पर्धी असतो, चेंडू जातो, गोल होतो. प्रेक्षक शिव्या घालतात. मला मात्र अशा गोलानंतर खुर्चीत सरसावून बसावंसं वाटतं, कारण ही चूक आज्ञा पाळताना झालेली आहे. खेळाडूने जुन्या सवयीचा सोपा रस्ता सोडून नव्या, अवघड रस्त्याने जायचा प्रयत्न केला. त्याचा मॅनेजरवर विश्वास आहे, किंवा निदान धाक तरी आहे. तीच चूक झाल्यावर पुढच्या गोल किकला तो काय करतो, ते बघावं. पुन्हा तोच पास दिला तर मॅनेजरने ड्रेसिंग रूम जिंकलेली आहे. लांब मारला, तर फळ्यावरचं गणित फळ्यावरच राहिलंय.

आकड्यांचं थोडक्यात. हल्ली संधीच्या दर्जावरून अपेक्षित गोल मोजतात. पेनल्टीला त्या हिशेबात साधारण पाऊण गोल धरतात. निकालापेक्षा हे माप बरं, पण चार सामन्यांत तेही फसवतं. आघाडीवर असलेला संघ मुद्दाम मागे सरकतो आणि समोरच्याला लांबून मारू देतो, दहा जणांत खेळताना सगळेच आकडे वाकडे होतात. आकडे बघावेत, पण सामना बघून झाल्यावर.

माझ्या या मोजपट्टीला धक्का देणारी उदाहरणंही आहेत, आणि ती लपवण्यात अर्थ नाही. २०१७मध्ये क्रिस्टल पॅलेसने फ्रँक डी बोअरला आणलं. मागे तिघं बचावपटू, चेंडू जमिनीवर, संथ बांधणी. वर्षानुवर्षं थेट आणि वेगाने खेळलेल्या संघाला हे सगळंच परकं. पहिल्या चार लीग सामन्यांत चार पराभव, गोल शून्य, आणि ७७ दिवसांत गच्छंती. शेवटचा सामना बर्नलीशी. तिसऱ्याच मिनिटाला गोलरक्षकाकडे मागे दिलेला एक कच्चा पास, त्यावर गोल, आणि मग उरलेला सगळा वेळ पॅलेस संधी निर्माण करतोय आणि फुकट घालवतोय. चूक अगदी नव्या जातीची होती, हे मान्य. मग माझ्या नियमाने त्याला ठेवायला हवं होतं का?

मला वाटतं, काढणं चूक नव्हतं. आणणं चूक होतं. त्याच्या जागी आलेल्या रॉय हॉजसनचेही पहिले तीन लीग सामने गेले. म्हणजे नवा माणूस आला आणि जादू झाली, असं घडलं नाही. त्याने मागे पुन्हा चौघं उभे केले, संघाला येत होतं तेच नीट करून घेतलं आणि पॅलेस अकरावा आला. नव्या चुका शुभ असतात त्या खेळाडूंच्या आवाक्यातल्या असतील तरच. जो पास त्या सेंटर बॅकला वर्षभर शिकवूनही जमणार नाही, तो त्याला रोज द्यायला लावणं हा हट्ट. हा फरक मैदानावर कळतो. जमणारी चूक दर आठवड्याला थोडी थोडी कमी चुकते. न जमणारी जिथल्या तिथे असते.

रुबेन अमोरिमचं युनायटेडमधलं पहिलं वर्ष मी याच नजरेने बघितलं. नोव्हेंबर २०२४मध्ये तो आला आणि पहिल्या दिवसापासून ३-४-३, म्हणजे मागे तिघं, त्यांच्यापुढे चौघं (त्यातले दोघं कडांना) आणि पुढे तिघं. मध्ये दोघेच, त्यामुळे समोरच्या संघाने मधे तिसरा माणूस आणला की युनायटेडची मधली फळी उघडी पडायची. नवी चूक खरी, पण ती डिसेंबरात होती तशीच एप्रिलात होती. संघ लीगमध्ये पंधरावा आला, ४२ गुण. खेळाडू त्या आराखड्यासाठी घेतलेलेच नव्हते, हा त्याच्या बाजूचा युक्तिवाद खरा आहे. पण मग दिलेल्या माणसांतून काहीतरी वेगळं शिजवणं हेही मॅनेजरचंच काम.

आणि इथे अंतोनिओ कोन्ते आठवतो. सप्टेंबर २०१६. चेल्सीत येऊन त्याला जेमतेम सहा लीग सामने झालेले. पहिले तीन जिंकले, मग बरोबरी, मग लिव्हरपूलकडून हार, आणि मग आर्सेनलच्या मैदानावर मध्यंतरालाच ०-३. दुसऱ्या सत्रात त्याने खेळ चालू असताना मागे तिघं केले. त्या दिवशी निकाल बदलला नाही. पण पुढच्या सामन्यापासून तोच आराखडा, आणि सलग तेरा लीग विजय, त्यातल्या पहिल्या सहांत एकही गोल खाल्ला नाही. अस्पिलिक्वेता फुलबॅकचा सेंटर बॅक झाला. तीन हंगाम उसनवारीवर वेगवेगळ्या क्लबांत फिरून आलेला व्हिक्टर मोझेस उजव्या कडेचा विंगबॅक, म्हणजे अख्खी कड सांभाळणारा, झाला. चेल्सी ९३ गुणांनी विजेता ठरला. एक गोष्ट यात लोक विसरतात: आधीच्या वर्षी दहावा आल्यामुळे चेल्सीला त्या हंगामात युरोपातल्या क्लबस्पर्धांत खेळायचं नव्हतं. नवा आराखडा घोटून घ्यायला कोन्तेला बहुतेक वेळा अख्खा आठवडा मिळत होता. मधल्या बुधवारी परदेशी विमान पकडणाऱ्या मॅनेजरला ते सुख नसतं.

म्हणून माझी दुसरी कसोटी दहाव्या-बाराव्या सामन्याच्या आसपास सुरू होते. तोवर प्रतिस्पर्ध्यांच्या विश्लेषकांनी नव्या मॅनेजरची चित्रफीत पिंजून काढलेली असते. फुलबॅक आत येतो हे कळल्यावर ते मुद्दाम कडेला पास खेळू लागतात. पहिली कल्पना घेऊन प्रत्येक मॅनेजर येतो, नोकरीच्या मुलाखतीत त्याने तीच मांडलेली असते. दुसरी आहे का?

एंज पोस्टेकोग्लूचा टॉटनम याचं सगळ्यात थरारक उदाहरण. २०२३च्या शरद ऋतूत पहिल्या दहा लीग सामन्यांत आठ विजय, दोन बरोबरी, २६ गुण. बचावफळी मध्यरेषेजवळ, फुलबॅक आत, सगळं कसं वाऱ्यावर. मग चेल्सीचा सामना आला. दोघांना लाल कार्ड, मॅडिसन आणि व्हान डे व्हेन जखमी, आणि नऊ जण उरलेले असतानाही बचावफळी मध्यरेषेवरच! बघताना अंगावर काटा आला होता. १-४ हरले आणि प्रेक्षकांनी तरीही उभं राहून टाळ्या वाजवल्या. मलाही ते आवडलं होतं. पण आवडणं आणि पटणं यात अंतर असतं. त्या हंगामात टॉटनम पाचवा आला. पुढच्या हंगामात ३८पैकी २२ लीग सामने हरून सतरावा. आणि गंमत बघा, त्याच वर्षी त्याने युरोपा लीग, म्हणजे युरोपातली दुसऱ्या फळीची क्लबस्पर्धा, जिंकली, अंतिम सामन्यात अमोरिमच्या युनायटेडला १-० हरवून, तेही बहुतेक वेळ मागे बसून, जीव मुठीत धरून बचाव करून. म्हणजे दुसरी कल्पना त्याच्याकडे होती तर! ती लीगमध्ये का निघाली नाही, हा प्रश्न मला अजून छळतो. करंडक घेऊनही दोन-अडीच आठवड्यांत त्याला काढलं.

धीर धरा असं सांगणारे लोक नेहमी ॲलेक्स फर्ग्युसनकडे बोट दाखवतात. नोव्हेंबर १९८६मधला पहिलाच सामना ऑक्सफर्डकडून ०-२. पहिला करंडक, एफए कप, १९९०मध्ये, आणि त्या हंगामात लीगमध्ये तेरावा क्रमांक. गोष्ट खरी आहे, पण पुरावा म्हणून ती लंगडी आहे. ज्या मॅनेजरांना चार वर्षं धीराने दिली आणि शेवटीही हाती काही लागलं नाही, त्यांच्या गोष्टी कोण सांगतो? उलट बाजूही तितकीच लंगडी. नेदरलँड्सच्या लीगवर तिथल्या अर्थतज्ज्ञांनी केलेल्या अभ्यासात दिसलं की मॅनेजर बदलल्यावर संघ सावरतो, पण तितकीच घसरण होऊनही ज्यांनी मॅनेजर बदलला नाही तेही साधारण तसेच सावरतात. वाईट नशीब कायम टिकत नाही, एवढंच. नवा माणूस नेमका तळ गाठलेला असताना येतो आणि चढणीचं श्रेय घेतो. शाबी अलोन्सो ऑक्टोबर २०२२मध्ये सतराव्या क्रमांकावरच्या लेव्हरकुझेनकडे आला, पहिला सामना ४-० जिंकला. आठवड्याभरात पोर्तोकडून ०-३ आणि फ्रँकफुर्टकडून १-५ मार खाल्ला. यातलं कुठलं पान वाचून कुणाला कळलं असतं की पुढच्या हंगामात हा संघ एकही लीग सामना न हरता जर्मनीचा विजेता होणार आहे?

पत्रकार परिषदा मी बघणं सोडून दिलंय. तिथे सगळे मॅनेजर हुशार असतात.

त्यापेक्षा खरेदी बघावी. मॅनेजर कुणाला आणा म्हणून सांगतो यावरून त्याला कुठली चूक सहन होत नाही ते कळतं. मिकेल आर्टेटाच्या आर्सेनलने २०२१-२२चा हंगाम सुरू केला तो ब्रेंटफर्ड, चेल्सी आणि मँचेस्टर सिटी यांच्याकडून हरून. गोल केले शून्य, खाल्ले नऊ, संघ तळाला. त्याला येऊन तेव्हा दीड वर्ष उलटलं होतं, म्हणजे ‘नवा आहे’ ही सबबही उरली नव्हती, आणि लोकांचा राग समजण्यासारखा होता. पण त्या तीन पराभवांत त्याच्या मनातली बचावफळी एकदाही पूर्ण मैदानात आली नव्हती: कुणी आजारी, कुणी जखमी, कुणी अजून करारावर सहीच केलेली नव्हती. ११ सप्टेंबरला नॉरिचविरुद्ध रॅम्सडेल गोलमध्ये, पुढे टोमियासू, व्हाइट, गाब्रिएल आणि टिअर्नी, असे पाचही जण पहिल्यांदा एकत्र उतरले. सामना तसा रटाळ, एकच गोल झाला, तोही ओबामेयांगने गोलरेषेजवळून कसाबसा ढकललेला. मी मात्र त्यातल्या आर्सेनलच्या सगळ्या गोल किक दोनदा बघितल्या. चेंडू पायाने लांब आणि अचूक देणारा गोलरक्षक आल्यामुळे आधीच्या तीन सामन्यांत गोलरक्षकाजवळ होणारी गर्दी विरळ झाली होती, सेंटर बॅक एकमेकांपासून लांब उभे राहायला धजावत होते. चुका तरीही झाल्या, पण त्या आता मध्यरेषेजवळ होत होत्या.